पाकीटवाल्याचा पाय

घनश्याम जिथं लघवीला बसतो तिथं मुंग्या लागतात, हे पहिल्यांदा त्याच्या आईच्या ध्यानात आलं.

कुंताबाई सकाळी गोठ्यामागं शेण भरायला जायची. घरी संडास होता, पण लेकाची लहानपणापासूनची सवय सुटली नव्हती. उठला की तो परसातल्या चिंचेच्या बुडाशी जायचा. त्या बुडाशी लाल मुंग्यांचा थर जमलेला तिला दिसला. तिनं राख टाकली. दुसऱ्या दिवशी मुंग्या पुन्हा तिथंच, राखेवरून चढून आलेल्या. म्हातारी हातातली टोपली खाली ठेवून बराच वेळ पाहत राहिली. तिच्या माहेरी, आंबागडला, एका चुलत्याच्या अंगणात तिनं असंच पाहिलं होतं, आणि त्या चुलत्याचं पुढं काय झालं तेही तिला आठवत होतं.

"घनश्याम, दवाखान्यात दाखवून ये बाप्पा," ती म्हणाली.

"कायले?"

तिनं सांगितलं. घनश्याम पोट हलवत हसला. "माय, मुंग्याइले दुसरं काम का हाये वो? अन् मले का झालं? पाह्य ना, कसा गड्यासारखा आहो!"

खरंच, कुणाच्या नजरेला तो आजारी दिसला नसता. चाळिशीच्या आतबाहेरचा, गोल चेहऱ्याचा, भरदार अंगाचा माणूस. करडी गावात त्याच्या घरची तलावाखालची धानाची बांधी होती, पण ती त्यानं बटईनं देऊन टाकली होती. स्वतः एक छोटी मालगाडी चालवायचा. शहरातल्या एजन्सीतून खोके भरायचे आणि गावोगावच्या किराणा दुकानांना, पानठेल्यांना, शाळेसमोरच्या टपऱ्यांना पाकिटं पोचवायची, असा त्याचा धंदा. तिखट कुरकुरीत पाकिटं, चिप्सची पाकिटं, गोड पावाचे तुकडे, रंगीत शीतपेयांच्या बाटल्या. गाडीत लडीच्या लडी टांगलेल्या असायच्या आणि गाडी गावात शिरली की पोट्टे मागं धावायचे. "पाकीटवाले काका आले!" एखादं पाकीट तो वरच्या वर हवेत फेकायचा, त्यासाठी पोरांची झोंबाझोंबी व्हायची, आणि तो आरशात पाहून हसायचा. आपल्याला पाहून इतकी लेकरं खूश होतात, याचा त्याला मनापासून अभिमान होता.

त्याची बायको हर्षा रोज डबा भरून द्यायची. वरण-भात, एखादी भाजी, जवसाची चटणी. डबा बहुतेक वेळा तसाच परत यायचा. फिरतीवर थांबून हात धुऊन जेवायला सवड कुणाला होती? फुटलेली पाकिटं कंपनी परत घ्यायची नाही, ती सीटवर पडलेली असायची. एका हातात स्टिअरिंग, दुसरा हात पाकिटात. घशाला कोरड पडली की थंड बाटली. संध्याकाळी घरी येताना लेकीसाठी, मोनासाठी, दोन-चार पाकिटं आणि एक बाटली वेगळी काढून आणायची. मोना आठवीत होती. बाप आल्याचा तिला जो आनंद व्हायचा, त्यातला किती बापाचा आणि किती पाकिटांचा, हे हर्षाला कधी कळलं नाही.

"जेवाच्या आधी देत नका जाऊ ना जी तिले," ती कुरकुरायची.

"लेकरू आहे. खाऊ दे. आपल्याले मिळालं होतं का हे असं?"

त्याला मिळालं नव्हतं, हे खरं. म्हणूनच वजन वाढलं तेव्हा गाव म्हणालं, घनश्यामची तब्येत बनली. दिवाळीनंतर गावात मंडई, म्हणजे जत्रा, भरायची आणि तिच्यात सोंगं घेऊन नाचायची दंडार व्हायची. त्यात घनश्याम पोरवयापासून नाचायचा. आधी तो किडकिडीत होता, मागच्या रांगेत झांज वाजवायचा. पोट सुटलं तसं त्याला राक्षसाचं सोंग मिळालं. तोंडाला काळा रंग, पायात चाळ, आणि ढोलकीच्या ठेक्यावर लाकडी पाटांवर असा काही पाय आपटायचा की पुढं बसलेल्या बाया मागं सरकायच्या. त्याचं पोट हलताना पाहायला बाजूच्या गावची माणसं यायची.

मुंग्यांचं बोलणं त्यानं हसण्यावारी नेलं, पण तहान त्याच्याबरोबर गाडीत बसून हिंडू लागली. आधी दुपारची लागायची, मग सकाळपासून. पाणी पिऊन ती भागायची नाही, म्हणून तो गोड बाटली फोडायचा. बाटली संपेपर्यंत बरं वाटायचं, आणि थोड्या वेळानं जीभ पुन्हा टाळूला चिकटायची. काखेत गळवं यायची, एक बसलं की दुसरं. गाडी चालवताना समोरचा रस्ता कधीकधी धुक्यात गेल्यासारखा दिसायचा, भर उन्हातही. पायांचं तर काही विचारूच नका. कापसावर चालल्यासारखं वाटायचं. एकदा तो घरी आला तेव्हा पायात एकच चप्पल होती. दुसरी वाटेत कुठं निसटली, याचा त्याला पत्ताच नव्हता.

हर्षानं त्याच्या उघड्या पायाकडं पाहिलं. "समजलं नाई तुमाले?"

"ध्यान नसन," तो म्हणाला. पण त्या संध्याकाळी तो बराच वेळ अंगणात बसून पायाची बोटं हलवून पाहत होता. बोटं हलत होती. हलताना जाणवत मात्र नव्हती.

दवाखान्यात तो गेला नाही. सणाचे दिवस होते, मालाला उठाव होता, आणि मंडई तोंडावर आली होती.

मंडईच्या दिवशी दुपारी शाळेच्या पटांगणात पाट मांडले. धानाची कापणी अर्धी झालेली, माणसांच्या अंगाला अजून तणसाचा वास. पाळणे, जिलेबीची दुकानं, आणि चारी बाजूंनी घनश्यामच्याच पाकिटांच्या लडी टांगलेल्या. दंडार सुरू झाली. ढोलकी तापली. राक्षस आला तसा पोरांनी ओरडा केला. घनश्याम त्या दिवशी असा नाचला की ढोलकीवाल्याला त्याच्या पावलांमागं धावावं लागलं.

पुढं बसलेल्या एका बाईनं पहिल्यांदा पाहिलं. पाटांवर राक्षसाच्या पावलांचे ठसे उमटत होते. लाल, ओले. लोकांना वाटलं सोंगाचाच भाग आहे, पायाला कुंकवाचं पाणी लावलं असेल. टाळ्या पडल्या. ठसे वाढत गेले, पाटांवरून वर्तुळात फिरत राहिले. मग ढोलकीवाल्याचा हात थांबला.

"घनश्याम, पाय पाह्य आपला!"

घनश्यामनं खाली पाहिलं. तोंडाला काळा रंग, त्यामुळं त्याचा चेहरा कुणाला दिसला नाही. त्यानं उजवा पाय उचलला. तळव्याची कातडी अंगठ्याखालून सोलून निघाली होती आणि आत पाटाच्या लाकडाची एक लांब फास रुतलेली होती, बोटाएवढी. केव्हा रुतली? त्यानं ती ओढून काढली. रक्त धारेनं आलं. तो त्या फासेकडं असा पाहत होता, जणू ती दुसऱ्याच कुणाच्या पायातून निघाली असावी.

"दुखलंच नाई मले," तो हर्षाला म्हणाला. त्या वाक्यानं हर्षाच्या अंगावर जो काटा आला, तो रक्त पाहूनही आला नव्हता.

गावच्या डॉक्टरनं पट्टी बांधली, बोटाला सुई टोचून साखर पाहिली आणि यंत्र दोनदा तपासून घेतलं. आकडा ऐकून घनश्यामला काही समजलं नाही. डॉक्टरचा आवाज बदलला, ते तेवढं समजलं. "दाखल व्हा. आजच व्हा. अन् ते पाकिटं-बाटल्या आता तोंडाले लावू नका. विकता ते वेगळं, खाऊ नका."

ज्या खासगी दवाखान्यात त्याला नेलं, तो बाहेरून झकास होता. काचेचं दार, मोठी पाटी. आत गेलं की एक लांब खोली, दोन्ही भिंतींना खाटा. फिनाईलचा वास होता, पण त्याच्या खाली दुसरा एक वास दबून बसलेला होता. खाटांवर पेशंटबरोबर नातेवाईक बसलेले, मधल्या वाटेवर चपला, पिशव्या. दारातच एक टपरी होती आणि भेटायला येणारे लोक तिथून पाकिटं आणि रंगीत बाटल्या घेऊन यायचे. पेशंट खायचे, नातेवाईक खायचे, चुरा खाटेवर पडायचा, माशा बसायच्या. घनश्यामनं त्या पाकिटांवरचं चित्र ओळखलं. तोच माल. आयुष्यात पहिल्यांदा त्याला त्याचा वास नकोसा झाला.

इन्सुलिन सुरू झालं, सलाईन लागलं, जखम साफ केली. डॉक्टर म्हणाले, वेळेवर आलात, पाय भरून येईल. पहिले काही दिवस तसंच वाटलं. जखमेच्या कडा गुलाबी दिसायला लागल्या. कुंताबाई देवाला नारळ बोलली.

शेजारच्या खाटेवर सोमाजी नावाचा म्हातारा होता. सानगडीकडचा शेतकरी, हार्नियाचं ऑपरेशन झालेला. खरं तर तो केव्हाच घरी जायला पाहिजे होता, पण त्याचे टाके पिकले होते. पोटावरचा कापूस काढला की पिवळं वाहायचं. म्हातारा गोष्टीवेल्हाळ होता. आपल्या गावच्या तलावातल्या झिंग्यांची चव तो घनश्यामला इतकी रंगवून सांगायचा की मोना भेटायला आली की त्याच्याच खाटेपाशी उभी राहायची.

रोज सकाळी ताराचंद यायचा. ताराचंद ड्रेसिंग करायचा. चाळिशीतला, हडकुळा, सदा घाईत. पूर्ण खोलीला तो एकटाच. हातात ट्रे, ट्रेमध्ये एक कात्री, एक चिमटा, आणि औषधाच्या पाण्याची एक वाटी. हातांत मोजे घालूनच तो दारातून आत यायचा आणि शेवटच्या खाटेपर्यंत तेच मोजे. आधी सोमाजी, मग घनश्याम. सोमाजीच्या पोटावरचा पू ज्या कात्रीनं बाजूला केला, ती वाटीत एकदा बुचकळायची आणि घनश्यामच्या तळव्याला लावायची. वाटीतलं पाणी सकाळी तांबूस असायचं, घनश्यामपर्यंत येता येता गढूळ व्हायचं.

घनश्याम ते पाहत होता. पडल्या पडल्या दुसरं काम तरी काय? खोली पुसणारी बाई पोछा आधी संडासात फिरवून मग आत आणते, हेही त्यानं पाहिलं. बादलीतलं पाणी काळं. कोपऱ्यातल्या बेसिनचा नळ फिरवला की नुसती हवा सुटायची. साबणाच्या जागी साबणाचा वाळलेला डाग. त्याच्या मनात काहीतरी चुटपुटत होतं, पण शब्द ओठांवर आला नाही. आपण पाकिटं विकणारे, हे दवाखान्याचे लोक. त्यांना माहीत नसेल का?

बोलली ती हर्षा. एका सकाळी ताराचंद सोमाजीपासून वळला तशी ती मध्ये उभी राहिली. "भाऊ, हात धुऊन घ्या ना. अन् कैची पन."

ताराचंद थांबला. चिडला नाही, थकल्यासारखा हसला. "कुठं धुवू, ताई? नळाले पानी आहे का? टाकीची मोटर जळली, साहेबाइले सांगून सांगून थकलो मी. मोजे मोजून देतेत. तुमी आना पानी, मी धुतो."

हर्षानं पिशवीतली कळशी काढली, रस्त्यापलीकडच्या बोअरवरून भरून आणली, स्वतःच्या अंघोळीचा साबण दिला. ताराचंदनं मोजे काढले, हात कोपरापर्यंत धुतले, कात्री धुतली. धुताना तो म्हणाला, "बरोबर बोलल्या तुमी. असंच पाह्यजे." पण नवे मोजे नव्हते. त्यानं तेच पुन्हा चढवले.

तो गेल्यावर घनश्याम बायकोवर करवादला. "उगाच वाकडं कायले घेतं? आपला पाय त्याइच्या हातात आहे."

"मनूनच मनतो ना जी," हर्षा म्हणाली.

ती डॉक्टरांकडंही गेली. डॉक्टर फोनवर होते. त्यांनी हातानंच खूण केली, आहे, सगळं व्यवस्थित आहे. दुसऱ्या दिवशी ताराचंद सुट्टीवर होता आणि त्याच्या जागी आलेल्या माणसानं हर्षाच्या कळशीकडं पाहिलंही नाही.

सोमाजी बोलायचा बंद झाला, तेव्हा खोलीत कुणाला आधी कळलं नाही. सकाळी त्यानं चहा परत पाठवला. दुपारी त्याला हुडहुडी भरली, दात वाजायला लागले. तो तलावाबद्दलच काहीतरी पुटपुटत होता, पण गोष्टीतल्यासारखं नाही, पाण्यात बुडणाऱ्यासारखं. संध्याकाळ व्हायच्या आत त्याच्या लेकानं त्याला गाडीत घालून नेलं. नागपूरच्या वाटेवरच तो गेला, हे दुसऱ्या दिवशी टपरीवाल्याकडून समजलं.

त्याच्या खाटेवरची चादर खोली पुसणाऱ्या मावशीनं उचलली, झटकली, उलटी केली आणि पुन्हा अंथरली. तासाभरात तिथं एक ओली बाळंतीण येऊन झोपली, कुशीत मूठभर लेकरू. हर्षा उठली. आपल्या पिशवीतलं धुतलेलं लुगडं काढून तिनं त्या बाईच्या आईला दिलं. "हे टाका चादरीवर. अन् जमलं तर आजच घरी न्या जी इले. काहून ते नका विचारू." त्या बाईनं हर्षाच्या तोंडाकडं पाहिलं आणि खरंच काही विचारलं नाही. बाळंतीण दुसऱ्या दिवशी गेली. पुढं तिचं काय झालं ते हर्षाला कधी कळलं नाही. पण बरं झालं असेल, असं ती धरून चालते.

घनश्यामची जखम त्याच सुमारास बदलली. आधी कडा पांढऱ्या झाल्या, मग काळपट. मग वास आला. उन्हाळ्यात बोडी, म्हणजे शेतातलं लहान तळं, आटते, कडेला मासे अडकून मरतात आणि तणस चिखलात सडतं, तो वास. कुंताबाई नातीला घेऊन भेटायला आली आणि दारातच थबकली. तिनं पदर नाकाला लावला नाही. सरळ पायथ्याशी जाऊन कापूस उचलला. अंगठा निळा पडला होता. घोट्यापर्यंत पाय सुजून चकाकत होता.

"दुखते का बाप्पा?"

"नाई, माय," घनश्याम म्हणाला. त्याला ताप होता, डोळे काचेसारखे झाले होते. "काहीच दुखत नाई."

म्हातारी तिथंच खाली बसली.

डॉक्टर आले, पाय पाहून त्यांनी नजर दुसरीकडं वळवली आणि म्हणाले, "इथं आता होण्यासारखं नाही. नागपूरला न्या."

नागपूरच्या मोठ्या दवाखान्यात गर्दी करडीच्या मंडईपेक्षा जास्त होती. पण घनश्यामला आठवतं ते हे, की त्याला तपासायला आलेल्या बाई डॉक्टरनी आधी हात धुतले. त्याला तपासून झाल्यावर पुन्हा धुतले, आणि मग पुढच्या माणसाकडं गेल्या. तापातही तो त्या नळाखालच्या हातांकडं टक लावून पाहत होता.

"पाय ठेवता येणार नाही," बाई म्हणाल्या. "घोट्याच्या वरून, गुडघ्याच्या खालून काढावा लागेल. उशीर केला तर गुडघाही जाईल. आणि त्यानंतर मी काही सांगू शकत नाही."

"जखम तर लहान होती ना, मॅडम," हर्षा म्हणाली. "भरत होती. मी सोता पाह्यली."

बाईंनी तिला बाजूला घेऊन सांगितलं. साखर किती वर्षं वाढलेली होती कुणास ठाऊक. तिनं पायाची जाण मारली, रक्ताचा पुरवठा आखडला. अशा पायात बाहेरचे जंतू गेले की त्यांना अडवायला अंगात कुणी उरत नाही. "आणि हे जंतू घरचे नाहीत. दवाखान्यात मिळालेले आहेत. साधी औषधं त्यांना लागू पडत नाहीत."

हर्षाला कात्री आठवली. गढूळ वाटी आठवली. 

पाय काढला. घनश्याम वाचला.

पट्ट्या सुटायच्या दिवसांत मोना आजीबरोबर नागपूरला आली. बाई डॉक्टर तिच्याशी बोलता बोलता थांबल्या. "इकडे ये बेटा. मान वाकव." मोनाच्या मानेवर मागं काळपट, जाडसर पट्टा होता. हर्षा ओशाळली. "धुते हो मॅडम ती. मीच घासून देतो दर आइतवारी, काथ्यानं. मळ निघतच नाई."

"तो मळ नाही," बाई म्हणाल्या.

पुढचं बोलणं घनश्यामनं खाटेवरून ऐकलं. अंगात साखर साठायला लागली की कधीकधी मान अशी काळी पडते. अजून आजार नाही. पण वाट तीच आहे. रक्त तपासलं तर साखर काठावर निघाली. काय खाते, असं बाईंनी विचारलं तेव्हा मोना खाली पाहत राहिली.  मग घनश्यामच म्हणाला, "मी आनून देत होतो." त्याचा आवाज इतका बारीक होता की बाईंना पुन्हा विचारावं लागलं.

तो घरी आला तो कुबड्यांवर. गाडी विकली. ती घेतली गावच्याच विक्कीनं, आणि फिरतीही तीच धरली. दारावरून गाडी जायची तेव्हा पोट्टे तसेच मागं धावायचे. एक दिवस घनश्याम ग्रामसभेत गेला. कुबडी भिंतीला टेकवून उभा राहिला आणि म्हणाला, शाळेच्या फाटकासमोर तरी हा माल विकू देऊ नका. माह्याकडं पाहा.

 शाळेसमोरचा टपरीवाला उठला. तो घनश्यामचा जुना गिऱ्हाईक होता. "आता मनतं का गा? आनून कोन देत होता इतके वर्ष? माह्या दुकानात पहिली लड तूच टांगली ना? पाय गेला मनून आमचं पोट मारतं?"

 कुणी हसलं नाही, कुणी त्याची बाजूही घेतली नाही. विषय पुढं ढकलला गेला आणि सभा नालीच्या कामावर बोलू लागली. विक्की मात्र बाहेर त्याची वाट पाहत थांबला होता. "काका, मले पन भेव वाटते. पन दुसरं करू का, सांगा," तो म्हणाला. 

उन्हाळ्यात त्याच्या उरलेल्या पायाच्या टाचेला भेग पडली आणि भेगेत ओल दिसली. कुंताबाईला रोज सकाळी तो पाय उलटासुलटा करून पाहायची सवय लागली होती, तिलाच दिसली. घनश्यामनं त्या दिवशी चहासुद्धा घेतला नाही. हर्षाला घेऊन थेट सरकारी आरोग्य केंद्रात गेला. नर्सनं कापूस उचलला, तसा त्यानं पाय मागं घेतला.

"सिस्टर, आधी हात धुवा."

"रोजचं काम आहे आमचं, दादा. शिकवू नका."

घनश्यामनं पँट वर करून दाखवली, जिथं पाय नव्हता तिथं. आवाज न चढवता म्हणाला, "मले तवा लाज वाटली बोलाची. आता नाई वाटत. तुमी राग धरा, मी उद्या माफी मागतो. पन हात धुवा."

 नर्स नळापाशी गेली. साबण लावला, बोटांच्या फटी घासल्या, परत आली आणि कपाटातून नवीन मोजे काढले. टाच भरायला उन्हाळा गेला, पण भरली. आता गावातलं कुणीही भरती झालं की घनश्याम भेटायला जातो, तेव्हा फळांऐवजी साबणाची वडी नेतो. काही लोक त्याला टाळतात. अशा माणसाचं दर्शन दवाखान्यात नको, म्हणतात.

मोनाची साखर अजून काठावरच आहे. कधी थोडी अलीकडं, कधी पलीकडं. हर्षा तिला पहाटे तलावाच्या पाळीवरून चालायला नेते, ताटात भाजी आणि लाखोरीची डाळ वाढते. घरात पाकीट येत नाही. शाळेत काय होतं ते कुणाला माहीत?

परवा मोना ओसरीवर बापाच्या पायाला तेल लावत बसली होती. तिनं अचानक विचारलं, "बाबा, माह्या पन पायाले असं होईन का?"

नाही म्हणावं, असं त्याच्या अगदी ओठांवर आलं होतं. त्यानं तिचा पाय आपल्या मांडीवर घेतला. तळवा नीट पाहिला. अंगठ्याखाली, बोटांच्या मध्ये, टाचेला. मग तिला डोळे मिटायला सांगितले आणि तळव्यावर बोट टेकवलं.

"समजते का?"

"हो," मोना म्हणाली. फारच पटकन म्हणाली.

घनश्यामनं बोट उचललं, आणि पुन्हा टेकवलं.